दारू की संवाद: १८४३चा एक कायदा आणि लंडनचे म्युझिक हॉल

थेम्सकाठचा:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढीन म्हणत होतो, आज रविवार आहे, बाहेर पाऊस आहे, लिहूनच टाकतो. लांबलंय, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात पूर्व लंडनमधे ग्रेसेस ॲली नावाच्या एका गल्लीत गेलो होतो. टॉवर हिल स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटं. बाहेरून काही कळत नाही, जुनी घरं एकाला एक चिकटलेली आणि एक दरवाजा, बस. आत गेलं की बार लागतो आणि बारच्या मागे एकदम उंच छताचा लांब हॉल, तीन बाजूंनी सज्जा, सज्जाखाली गोफासारखे पीळ दिलेले बारीक लोखंडी खांब, भिंतींचा रंग उडालाय तो मुद्दाम तसाच ठेवलाय. हा विल्टन्स म्युझिक हॉल. १८५९ मधे जॉन विल्टन नावाच्या माणसाने आपल्या पबच्या मागे बांधला. गोदीतले कामगार, खलाशी, आसपासची कष्टकरी माणसं संध्याकाळी इथे यायची, खायचं, प्यायचं, पाइप ओढायचा, आणि समोर एकामागून एक गाणारे, कसरती करणारे, जादूवाले, शिकवलेले कुत्रे घेऊन येणारे येऊन आपला खेळ करून जायचे. नाटक नाही, सलग गोष्ट नाही. प्रत्येकाची दहा-पंधरा मिनिटं झाली की पुढचा.

मला तिथे उभं राहून एकच प्रश्न पडला की नाटक का नाही? लंडनच्या गरीब लोकांना नाटक आवडायचं नाही असं तर अजिबात नव्हतं. मग वाचत गेलो आणि याचं उत्तर कलेत नाही तर कायद्यात सापडलं, त्यासाठीच हा धागा.

झालं असं की १७३७ पासून लंडनमधे बोलकं नाटक करायची सनद दोनच नाटकघरांकडे, ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन. पुढे उन्हाळ्यापुरती हेमार्केटला मिळाली. वतनच म्हणा ना. बाकीच्यांनी गाणी, मूकाभिनय, घोड्यांचे खेळ असं काहीतरी करून वाट काढायची. १८४३ मधे नवा थिएटर कायदा आला आणि ही मक्तेदारी गेली. पण त्यात एक मेख होती. नाटकाचा परवाना घेतला तर संहिता आधी लॉर्ड चेंबरलेनच्या (राजवाड्यातला एक बडा अधिकारी) कचेरीत तपासायला द्यायची आणि प्रेक्षागृहात खाणं-पिणं-धूर बंद. दारू विकायची असेल तर मॅजिस्ट्रेटकडून गाण्याबजावण्याचा परवाना मिळेल, मात्र मग स्टेजवर नाटक करायचं नाही. दोन्हीपैकी एक. पबवाल्यांचं पोट दारूवर, त्यांनी दारू ठेवली आणि संवाद सोडला.

आणि इथे मला खरी गंमत वाटते. दोन पात्रांनी एकमेकांशी बोलायचं नाही म्हटल्यावर तो एकटा माणूस समोर बसलेल्या लोकांशीच बोलायला लागला. एक गाणं म्हणजे एक पात्र. पोशाख घालून आला, पहिल्या कडव्यात आपण कोण ते सांगितलं, दोन कडव्यांच्या मधे थांबून लोकांना चार गोष्टी ऐकवल्या, धृपद आलं की सगळा हॉल सोबत गातोय. नाटक ज्यातून वजा केलं होतं त्यातून हा एक पूर्ण नवा प्रकार तयार झाला. लोक याला हलकी करमणूक म्हणून सोडून देतात ते मला पटत नाही, म्हणून एवढं लिहितोय.

अजून एक. १८४३ हे साल वाचल्यावर मराठी माणसाला काय आठवणार? सांगली, सीता स्वयंवर, ५ नोव्हेंबर. तिकडे लंडनात संवाद आणि दारू वेगळी करणारा कायदा झाला, इकडे त्याच वर्षी विष्णुदास भावे पहिला खेळ करतायत. योगायोगच आहे, पण माझ्या डोक्यातून जात नाही. जाणकारांनी भर घालावी.

मधुरा_के:
मस्त धागा. वाचनखूण साठवली.

सांगलीकर:
थेम्सकाठचे, आमच्या गावाचं नाव काढलंत, आता लिहायलाच हवं.

भाव्यांचा खेळ समजून घ्यायचा तर आधी हे बघा की त्यातही संवाद लिहिलेले नव्हते. १८४२ मधे कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली, ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी भाव्यांना सांगितलं की असं आपल्याकडे मराठीत करा. भाव्यांनी आख्यानाची पदं रचली आणि ती सगळी म्हणायची सूत्रधाराने. पात्रं नुसती हावभाव करायची आणि पद संपलं की त्याच अर्थाचं स्वतःच्या शब्दात बोलायची, म्हणजे ऐनवेळी जे सुचेल ते. सुरुवातीला सूत्रधाराचं मंगलाचरण, मग झाडपाला अंगाला बांधलेला वनचर विदूषक, मग गणपती, मग मोरावर बसून नाचत येणारी सरस्वती, आणि मग मूळ आख्यान. लोकांचा जीव की प्राण म्हणजे राक्षस. मशालीवर राळ उडवायची, भपकन जाळ, आणि त्या जाळातून राक्षसपार्टी तलवारी परजत आरोळ्या ठोकत येणार. पुढे या नाटकांना "अलल डुर्र" म्हणून नावं ठेवली गेली ती या आरोळ्यांवरूनच. पण विजेचे दिवे नसलेल्या काळात रात्री दोन वाजता तो राळेचा भपका बघणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल याचा विचार करा.

तुमच्या मुद्द्याला धरून सांगायचं तर तिकडे कायद्याने आकार दिला, इकडे राजाश्रयाने. १८५१ मधे अप्पासाहेब गेले आणि आश्रय संपला, म्हणून भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले. १८५३ मधे मुंबईला ग्रँट रोडच्या नाटकघरात तिकीट लावून खेळ केले. राजाच्या वाड्यातून निघालेलं नाटक दहा वर्षांत तिकिटावर आलं. आणि तिकीट काढून आलेल्या माणसाला नुसतं पौराणिक आख्यान पुरेना, म्हणून १८५६ च्या सुमाराला अमरचंदवाडीकर मंडळींपासून आख्यान झाल्यावर शेवटी फार्स करायची पद्धत पडली. फार्स म्हणजे फक्त हसवणूक असंही नाही बरं का, नारायणराव पेशव्यांच्या मृत्यूचाही फार्स होता. छोटं, गद्य, माणसासारखं बोलणारं, ते फार्स. मराठीत लोक स्टेजवर रोजच्या भाषेत बोलायला लागले ते या शेपटासारख्या जोडलेल्या तुकड्यांमधून.

मधुरा_के:
सांगलीकर, "शेपटासारखे जोडलेले तुकडे" हे फार पटलं.

थेम्सकाठचे, मला दोन प्रश्न आहेत. एक, पैशाचं गणित काय असायचं, तिकीट की दारू? आणि दुसरं, बायकांना प्रवेश होता का? कारण सगळीकडे पाइप आणि बीअर म्हटलं की मला आधी हेच मनात येतं.

थेम्सकाठचा:
मधुराताई, दोन्ही प्रश्न एकमेकांना चिकटलेलेच आहेत.

म्युझिक हॉलच्या आधी लंडनमधे रात्री उशिरा जेवण आणि गाणं अशी ठिकाणं होती, कॉव्हेंट गार्डनजवळचं इव्हान्स त्यातलं नावाजलेलं. तिथे मटणाचे चॉप आणि भाजलेले बटाटे खात पुरुष गाणी ऐकायचे. फक्त पुरुष. पुढे तिथे बायकांना आत सोडायला लागले तेव्हाही जाळीच्या पडद्याआड बसवायचे. नदीपलीकडे लॅम्बेथला चार्ल्स मॉर्टन म्हणून एकाने कँटरबरी आर्म्स नावाचा पब घेतला होता, त्याला लागून त्याने १७ मे १८५२ ला कँटरबरी हॉल उघडला. सुरुवातीला प्रवेश म्हणजे सहा पेन्सचं तिकीट आणि त्या तिकिटावर तेवढ्याचं खाणं-पिणं. म्हणजे गाणं जवळजवळ फुकट, पैसा गल्ल्यात येणार तो बारमधून. आणि मॉर्टनची हुशारी अशी की त्याने बायकांना घेऊन या म्हणून सांगितलं. कामगार एकटा आला तर एकटा पिणार आणि भांडण करणार, बायकोला घेऊन आला तर दोघं जेवणार, नीट बसणार, आणि मॅजिस्ट्रेटसमोर परवान्याच्या वेळी सांगायला बरं की आमच्याकडे कुटुंबं येतात. धंदा इतका चालला की दोन वर्षांत तिथेच मोठा हॉल बांधला. मग १८६१ मधे ऑक्सफर्ड स्ट्रीटवर ऑक्सफर्ड म्युझिक हॉल. मॉर्टन लोकांना ऑपेरातले तुकडेही ऐकवायचा, हॉलमधे चित्रांची गॅलरी केली होती. लॅम्बेथच्या कामगाराने ऑपेरा पहिल्यांदा ऐकला तो बीअरचा ग्लास हातात धरून.

खेळ चालवायला एक चेअरमन असायचा. स्टेजच्या खालीच त्याचं टेबल, तोंड प्रेक्षकांकडे, हातात हातोडी. पुढचा कलावंत कोण ते मोठ्या आवाजात सांगायचं, गोंगाट झाला की हातोडी आपटायची, आणि अधूनमधून "मंडळी, ग्लास भरून घ्या" ची आठवण करायची. लोक त्याला पाजायला मिळावं म्हणून त्याच्या टेबलाशी बसायला धडपडायचे.

फडावरचा:
चेअरमनचं वाचून आनंद झाला. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, गावच्या जत्रेत तमाशा बघत मोठा झालोय, त्यामुळे हा धागा माझ्यासाठी जवळचा.

क्रम बघा आपल्या तमाशाचा. गण, मग गौळण, मग बतावणी, मग लावण्या, मग वग. गणात देवाची आठवण, गौळणीत मावशी आणि पेंद्याची चेष्टा, बतावणीत सोंगाड्या आणि सरदार यांची जुगलबंदी, आणि ती रोज नवी, कारण गावात सकाळी काय झालं ते रात्री बतावणीत आलंच पाहिजे. वग तर नंतर आला, उमा-बाबू सावळजकर यांचा मोहना-बटाव १८६५ चा, तो पहिला वग मानतात. त्याच्या आधी तमाशा म्हणजे तुकड्यांचाच खेळ होता. तुमच्याकडे कायद्याने गोष्ट काढून घेतली, आमच्याकडे गोष्ट हळूहळू शेवटाला येऊन बसली.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो, राग नसावा. तमाशाला मराठी म्युझिक हॉल म्हणून मोकळं होऊ नका. लंडनचा गाणारा गरीब घरातला असेल, पण नाव झाल्यावर तो त्याच शहरात घोडागाडीतून फिरत होता. तमाशा उभा केला तो महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या माणसांनी, रात्री त्यांच्या ढोलकीवर फेटे उडवणारा गाव सकाळी त्यांना पाण्याला शिवू देत नव्हता. पठ्ठे बापूराव कुलकर्ण्याच्या घरातले, रेठरे हरणाक्षचे, तमाशात गेले म्हणून त्यांना जातीने बाहेर केलं. म्हणजे फडात जाणं ही शिक्षा होण्यासारखी गोष्ट होती. तिकडे वर्ग होता, इकडे जात होती, आणि जात नाव झाल्यावरही सुटत नाही.

सांगलीकर:
फडावरचे, शंभर टक्के सहमत. आमच्याकडे नाट्यइतिहास सांगताना भाव्यांपासून किर्लोस्करांपर्यंत सरळ रेघ मारतात आणि तमाशाला "लोककला" म्हणून बाजूच्या खोलीत बसवतात, त्याचं मूळ तुम्ही सांगितलंत तिथेच आहे.

थेम्सकाठचा:
फडावरचे, राग कसला, उलट हे धाग्यात यायलाच हवं होतं. मान्य. मी आकाराची तुलना करत होतो, आयुष्याची नाही, आणि तो फरक मी आधीच लिहायला हवा होता.

घोडागाडीवरून आठवलं म्हणून सांगतो. जॉर्ज लेबर्न म्हणून एक गवई होता, मूळ मेकॅनिक, १८६६-६७ च्या आसपास "शॅम्पेन चार्ली" या गाण्याने त्याचं नाव झालं. टॉप हॅट, उंची कोट, हातात छडी, आपण रात्रभर शॅम्पेन पिणारा श्रीमंत आहोत अशी बतावणी. समोर बसलेले कामगार, ज्यांनी शॅम्पेन कधी बघितली नव्हती, ते धृपद गातायत. १८६८ मधे कँटरबरीच्या मालकाने त्याच्याशी करार केला त्यात अटच होती की त्याने दिवसाही रस्त्यावर त्या श्रीमंताच्याच थाटात, चार घोड्यांच्या गाडीतून फिरायचं. म्हणजे स्टेजवरून उतरल्यावरही सोंग उतरवायचं नाही. १८८४ मधे तो वारला तेव्हा ४२ वर्षांचा होता, दारूने शरीर गेलेलं, पैसा संपलेला. मला हे वाचून फार वाईट वाटलं, कारण हॉलवाल्यांनी त्याच्याकडून दारूची जाहिरातच करून घेतली होती आयुष्यभर.

त्याच्याशी गाण्यांनी स्पर्धा करणारा आल्फ्रेड व्हान्स, तो तर १८८८ च्या ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी नाइट्सब्रिजच्या हॉलमधे खेळ चालू असतानाच कोसळला आणि गेला.

जुना_कागद:
एक राजकीय बाजू राहतेय. हे हॉल म्हणजे नुसती करमणूक नव्हती, तिथे जनमत तयार व्हायचं. १८७७-७८ मधे रशिया आणि तुर्कस्तानचं युद्ध चालू असताना जी. एच. मॅकडरमॉट हा गवई एक गाणं म्हणायचा, आम्हाला लढायचं नाही पण, जिंगोची शपथ, लढायची वेळ आली तर आमच्याकडे जहाजं आहेत, माणसं आहेत, पैसा आहे, रशियाला कॉन्स्टँटिनोपल मिळू देणार नाही, अशा अर्थाचं. त्या "जिंगो" वरून युद्धखोर देशप्रेमाला जिंगोइझम हा शब्द आला आणि अजून वापरतात. म्हणजे संवादाला बंदी, संहिता तपासायला लॉर्ड चेंबरलेन, हे सगळं नाटकाला. गाण्यातून मात्र पंतप्रधानापर्यंत पोचेल असं बोलता येत होतं.

आता आपल्याकडे बघा. १८७६ मधे इंग्रज सरकारने हिंदुस्थानात नाट्यप्रयोगांवर नियंत्रणाचा कायदा आणला, कलकत्त्यातल्या नाटकांनी सरकारची अब्रू काढली म्हणून. तोच राज्यकर्ता, लंडनमधे परवाना देताना चिंता कसली तर दारू आणि गर्दीची, इथे चिंता राजद्रोहाची. पुढे आपल्या नाटककारांनी पुराणातल्या कीचकाच्या आडून बोलायला सुरुवात केली त्याची मुळं या कायद्यात आहेत.

रंगभूषा:
मी हौशी नाटकांची रंगभूषा करते, त्यामुळे मला या सगळ्यात वेषाचं आकर्षण जास्त.

आपल्याकडे स्त्रीपार्टी म्हणजे गंभीर काम. भाऊराव कोल्हटकर १८८२ मधे किर्लोस्कर मंडळीत आले, सौभद्रात सुभद्रा झाले, तर लोक त्यांच्या गाण्यावर आणि दिसण्यावर वेडे. तिथे पुरुष बाई झालाय हे विसरायला लावायचं. इंग्लंडमधे उलट, डॅन लेनो हा माणूस पँटोमाइममधे, म्हणजे नाताळात होणाऱ्या गाण्या-विनोदाच्या नाटकात, म्हातारी बाई व्हायचा ती हसवायलाच. पुरुष आहे हे दिसलंच पाहिजे, तरच हसू. लेनो मुळात लाकडी तळाच्या बुटांनी नाचणारा, १८८० मधे लीड्सला त्याने त्या नाचाचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं. पुढे १८८८ पासून दरवर्षी ड्रुरी लेनला नाताळचं पँटोमाइम. म्हणजे बघा, सनद असलेल्या त्या जुन्या मोठ्या नाटकघराला शेवटी म्युझिक हॉलचा माणूस बोलवावा लागला.

आणि तिसरं म्हणजे व्हेस्टा टिली. बाई पुरुषाचा सूट घालून यायची, केस आत घट्ट बांधून वर विग, छडी, एका डोळ्याचा चष्मा, आणि तरण्याबांड शिपाई किंवा शहरातला छानछोकी पोरगा व्हायची. पुरुष चालतात कसे, खिशात हात घालतात कसे याचं तिचं निरीक्षण इतकं बारीक होतं की पुरुष तिचे कपडे बघून आपले शिवायचे.

मधुरा_के:
रंगभूषाताई, मेरी लॉइडबद्दल पण लिहा ना कुणीतरी. मला तिच्याबद्दल एवढंच माहीत आहे की गाणी साधी आणि डोळा मिचकावणं भारी.

रंगभूषा:
लिहिते. १८७० मधे हॉक्सटन भागातल्या गरीब घरात जन्म, खरं नाव मटिल्डा वुड, १८८५ मधे पंधराव्या वर्षी ईगल टॅव्हर्नच्या स्टेजवर उभी राहिली, तिचे वडील तिथेच वेटरचं काम करायचे. तिची गाणी कागदावर वाचा, काहीच नाही त्यात, एखादी मुलगी गाडीत चुकीच्या स्टेशनला उतरतेय वगैरे. पण एक खांदा उडवणं, एक थांबा, एक नजर गॅलरीकडे, आणि सगळ्या हॉलला कळायचं काय म्हणायचंय. परवाना समितीपुढे तिला बोलावलं तेव्हा तिने आपली बदनाम गाणी अगदी निष्पापपणे म्हणून दाखवली आणि मग सभ्य घरात म्हणतात ती एक कविता अशी म्हटली की समितीतले लोक लाल झाले, असा किस्सा सांगतात.

आता मला सांगा, बैठकीची लावणी बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला लागेल का? एकच ओळ, पाच वेळा, पाच वेगळे अर्थ, आणि शब्दांवर कुणी बोट ठेवू शकत नाही. अदाकारी म्हणतो ना आपण, तीच.

फडावरचा:
+१. सवाल-जबाबातही तेच. शब्द कोर्टात नेता येतो, नजर नेता येत नाही.

गिरगावकर:
छान चाललंय. दोन मुद्दे आपल्या बाजूचे.

पहिला, म्युझिक हॉलच्या आधी लंडनच्या स्टेजवर एक हिंदी माणूस होता. रामो सामी, म्हणजे रामस्वामी. गोळे आणि कट्यारी झेलायचा, तलवार गिळायचा, मणी तोंडात टाकून तोंडातल्या तोंडात घोड्याच्या केसात ओवायचा. १८२०-३० च्या काळात तिथल्या नाटकघरांत, बागांमधे त्याचे खेळ व्हायचे, आणि युरोपात जगलरचा जो चेहरा तयार झाला त्यात त्याचा वाटा मोठा. तो १८५० मधे वारला तेव्हा पुरायलाही पैसे नव्हते, बायकोने पेपरातून मदत मागितली. लेबर्नचं वाचलं तेव्हा मला हाच आठवला.

दुसरा, सिनेमा. आपण म्हणतो सिनेमाने नाटकं खाल्ली, पण सिनेमा पहिल्यांदा आला तो व्हरायटीच्या, म्हणजे अशाच तुकड्यातुकड्यांच्या, कार्यक्रमातला एक खेळ म्हणून. मार्च १८९६ मधे लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधे फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची सिनेमाची यंत्रं एम्पायरला आणि रॉबर्ट पॉलचं यंत्र शेजारच्याच अल्हाम्ब्राला, दोन्ही व्हरायटीची घरं. नाच झाला, कसरत झाली, मग ही हलती चित्रं. आणि चारच महिन्यांत, ७ जुलै १८९६ ला आपल्या मुंबईत वॉटसन हॉटेलमधे ल्युमिएरचा खेळ, आणि लगेच पुढच्या आठवड्यात नॉव्हेल्टी थिएटरला. तिथे तिकीट चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत, आणि पडदानशीन बायकांसाठी वेगळे बॉक्स. वर इव्हान्सच्या जाळीचं आलंय ना, तसंच.

जुना_कागद:
गिरगावकर, अल्हाम्ब्रा म्हटल्यावर लेओतार्ड पण आला पाहिजे. फ्रान्समधल्या तुलूझचा, झुलत्या दांडीवरून दुसऱ्या झुलत्या दांडीवर हवेतून झेप घेण्याचा खेळ त्याने १८५९ मधे पॅरिसला पहिल्यांदा केला आणि १८६१ मधे अल्हाम्ब्राला. खाली जाळी नाही, खाली लोक टेबलांवर जेवतायत आणि हा डोक्यावरून उडतोय. अंगाला घट्ट बसणारा जो पोशाख तो घालायचा त्यालाच आज लेओटार्ड म्हणतात, भरतनाट्यम सोडून जिम्नॅस्टिकला गेलेल्या माझ्या मुलीच्या बॅगेत आहे तो.

याच अल्हाम्ब्राचा गाण्याचा परवाना १८७० मधे गेला, पाय फार वर गेलेल्या कॅनकॅन नाचामुळे. मग मालकांनी काय केलं, नाटकाचा परवाना काढला आणि थिएटर म्हणून पुन्हा उघडलं. धागाकर्त्याचा मुद्दा यापेक्षा स्वच्छ दिसणार नाही, तीच इमारत, तेच लोक, कागद बदलला की कला बदलते.

नवीन_वाचक:
सगळे खूप प्रेमाने लिहिताय, पण तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची टिंगल करणारे मिन्स्ट्रेल पण याच स्टेजवर होते ना? त्याबद्दल कुणीच बोलत नाहीये.

थेम्सकाठचा:
बरोबर विचारलंत आणि ते टाळून चालणार नाही. होते, आणि थोडे नव्हते. अमेरिकेतले व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स, चार गोरे माणसं बुचाचा कोळसा तोंडाला फासून, त्यांनी न्यूयॉर्कला सुरुवात केली ती १८४३ मधेच, आणि त्याच वर्षी इंग्लंडला आले. तिसऱ्यांदा तेच साल. त्यानंतर शतकभर लंडनच्या प्रत्येक हॉलमधे हा प्रकार होता, लहान मुलांना घेऊन जायचा "सभ्य" खेळ म्हणून. ज्या शहराने १८३३ मधे गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला त्याच शहरात लोक गुलामांच्या दुःखाची नक्कल बघून हसत होते. ज्यांना स्वतःला वरच्या वर्गाकडून हिणवलं जायचं ते इथे दुसऱ्याला हिणवायला तिकीट काढत होते. मला हॉल कितीही आवडला तरी हे त्याच्या हिशोबात धरावंच लागतं.

मधुरा_के:
हे वाचून थांबले जरा. थँक्यू नवीन_वाचक.

मग हे संपलं कसं? सिनेमामुळेच?

थेम्सकाठचा:
सिनेमा फार नंतरचा घाव. आधी पुन्हा कायदाच. १८७८ मधे आगीच्या सुरक्षिततेचा कायदा आला, स्टेज आणि प्रेक्षागृह यांच्यामधे भिंत हवी, आग थोपवणारा पडदा हवा, दाखला हवा. चूक काही नाही त्यात, गॅसचे दिवे होते, माणसं जळून मरायची. पण पबमागच्या लहान हॉलवाल्याला एवढा खर्च झेपेना, कितीतरी कायमचे बंद झाले. उरले ते मोठे, कंपन्यांचे. मग टेबलं गेली, खुर्च्यांच्या रांगा आल्या, सगळ्यांचं तोंड स्टेजकडे. चेअरमन गेला, त्याच्या जागी स्टेजच्या कडेला क्रमांकाची पाटी. दारू प्रेक्षागृहातून मागे सरकत गेली. १८९४ मधे लॉरा ऑर्मिस्टन चँट या बाईंनी एम्पायरच्या मागच्या मोकळ्या जागेत वेश्याव्यवसाय चालतो म्हणून परवान्याला हरकत घेतली, कौन्सिलने तिथे आडोसे घालून बार वेगळा करायला लावला, आणि नोव्हेंबरमधे तरुण पोरांनी ते आडोसे मोडून रस्त्यावर मिरवणूक काढली, त्या पोरांमधे सँडहर्स्टच्या लष्करी शाळेत शिकणारा एकोणीस वर्षांचा विन्स्टन चर्चिल होता. शतक संपता संपता म्युझिक हॉल हे नाव मागे पडून "व्हरायटी" म्हणायला लागले. १८४३ च्या कायद्याने वेगळ्या केलेल्या दोन गोष्टी पन्नास-साठ वर्षांत एकसारख्या दिसायला लागल्या होत्या.

सांगलीकर:
आणि विल्टन्सचं काय झालं? ते कसं वाचलं? आमच्याकडची लाकडी नाटकघरं एकेक करून गेली, म्हणून विचारतो.

थेम्सकाठचा:
सांगलीकर, ते दारूच्या विरुद्ध असलेल्या लोकांमुळे वाचलं. १८७७ मधे हॉलला आग लागली, पुन्हा बांधला, १८८१ मधे बंद. १८८८ मधे मेथडिस्ट मिशनने ती इमारत घेतली, बारचा गुत्ता बंद करून तिथे प्रार्थना सुरू केल्या. पुढच्याच वर्षी गोदी कामगारांचा मोठा संप झाला, तेव्हा त्याच बारच्या (त्याला महोगनी बार म्हणायचे) जागेत संपकऱ्यांच्या घरच्यांसाठी रोज दोन हजार जेवणं शिजत होती. मिशन १९५६ पर्यंत होतं. मग चिंध्यांचं गोदाम झालं, पाडायची वेळ आली, लोकांनी मोहीम करून थांबवलं, वारसा इमारत म्हणून नोंद झाली, आणि दुरुस्ती पूर्ण व्हायला २०१५ उजाडलं.

मी गेलो तेव्हा खेळ नव्हता, दुपार होती. तिथला एक माणूस स्टेजवर चढला आणि नेहमीच्या आवाजात, ओरडून नाही, एक वाक्य बोलला. मी सज्जात अगदी मागच्या कोपऱ्यात होतो, खांबाला टेकून. शब्दन् शब्द आला. माइक नाही, काही नाही. पुढच्या वेळी सोबत कुणाला यायचं असेल तर व्यनि करा, मी मे महिन्यात परत जाणार आहे.